विमानावरची बाई

मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याला प्रगतीला वाव राहतो. टिवल्या जिवंत होता तेव्हा एकवीस वर्षांत त्याने एक परीक्षा धड पास केली नव्हती. मग तो युद्धात बॉम्बर विमानासकट परमुलखात पडला, आणि दरवर्षीच्या स्मृतिदिनाच्या भाषणांतून त्याची जी घोडदौड सुरू झाली ती थांबेचना. सुरुवातीची काही वर्षं तो नुसता शूर होता. पुढे अभ्यासू झाला. मग निर्व्यसनी झाला. आणि यंदा तर नगराध्यक्षांनी भाषणाच्या भरात त्याला पट्टीचा पोहणारा करून टाकला. पहिल्या रांगेत बसलेल्या ताईने तोंडावर रुमाल धरला. लोकांना वाटलं, बिचारीला भावाच्या आठवणीने भरून आलं. ती हसत होती. टिवल्या पाण्याला इतका भ्यायचा की त्याला आंघोळ घालायलासुद्धा मावशीला त्याच्यामागे अंगणभर धावावं लागे.

ताई ही टिवल्याची थोरली बहीण. साठी उलटली तरी वडिलांचं पाट्या रंगवायचं दुकान चालवत होती, आणि तिच्याहून मोठी माणसंही तिला ताईच म्हणत. टिवल्याचं खरं नाव वेगळं होतं. ते चौकातल्या संगमरवरी पाटीवर कोरलेलं आहे आणि तिथेच शोभतं. घरात, गल्लीत आणि शाळेच्या शिक्षेच्या बाकावर तो टिवल्याच होता, कारण टिवल्याबावल्या करण्यापलीकडे त्याने दुसरं काही मनापासून केलं नाही.

दुसरं एक केलं म्हणा. चित्रं काढली. अक्षरं ताईची चांगली, पण माणूस काढावा तो टिवल्यानेच. खाटकाच्या पाटीवर त्याने बोकड काढला होता, त्या बोकडाला चेहरा खाटकाचा दिला होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो त्याला शोभत होता. वडिलांनी रातोरात ती पाटी उतरवली. असल्या पाट्या पुसण्यात, उतरवण्यात आणि नव्याने रंगवून देण्यातच वडिलांचं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे टिवल्याच्या हातचं एकही चित्र कुठे उरलेलं नव्हतं. भाषणांत तो दर वर्षी वाढत होता, आणि ताईला मात्र तो दर वर्षी थोडा कमी आठवत होता. त्याचा आवाज कसा होता, हे एके दिवशी तिला सांगता येईना. त्या दिवशी ती घाबरली.

त्याच सुमाराला डॉक्टर तिच्या दुकानात आले.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, निवृत्त. लोकांच्या तोंडात डोकावून झाल्यावर आता ते विमानात डोकावत होते. गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीजवळच्या शेडमध्ये त्यांनी आणि आणखी काही विमानवेड्या म्हाताऱ्यांनी एक समिती काढून युद्धातलं एक बॉम्बर भंगारातून उभं केलं होतं. ते उडणार नव्हतं. उडालं असतं तर पहिली पळापळ समितीचीच झाली असती. पण दिसायला झकास झालं होतं, आणि ते टिवल्याचं विमान म्हणून, अगदी त्याच्या विमानासारखंच रंगवून, लोकांसाठी खुलं करायचं असं ठरलं होतं.

"नाकावर गरुड काढायचा," डॉक्टर म्हणाले. "पंख पसरलेला. पायात वीज धरलेली."

"त्याच्या विमानावर गरुड होता?"

"ते कळायला मार्ग नाही. पण त्या काळी प्रत्येक विमानाच्या नाकाडावर काही ना काही रंगवलेलं असायचं. तुमचा भाऊ पेंटर. म्हणजे त्यानेच रंगवलं असणार. मग गरुडाशिवाय दुसरं काय काढेल?"

"त्याला पक्षी जमायचे नाहीत, डॉक्टर. पोस्टाच्या पाटीवर कबुतर काढलं होतं, लोक आत जाऊन अंडी मागायला लागले."

डॉक्टर हसले नाहीत. ते वाईट नव्हते, पण गंभीर होते, आणि हुतात्म्याच्या बाबतीत तर फारच. ताईने गरुड काढायचं कबूल केलं. नाहीतरी भावासाठी करण्यासारखं तिच्या हातात काय उरलं होतं? शेडमध्ये जाऊन, शिडीवर चढून तिने विमानाच्या नाकावर खडूने गरुडाची आउटलाइनही काढली.

दुसऱ्या आठवड्यात एक उंच, पाठीत वाकलेला म्हातारा हॅट हातात घेऊन शेडच्या दारात उभा राहिला. दुसऱ्या गावाहून आला होता. वर्तमानपत्रात बातमी वाचून, विचारत विचारत. युद्धात तो फिटर होता, म्हणजे विमानं जमिनीवर असताना त्यांची इंजिनं बघणारा, आणि टिवल्याचं विमान त्याच्याकडेच होतं. त्याने विमानाभोवती एक चक्कर मारली, चाकाला लाथ घालून बघितली, मग नाकाशी येऊन मान वर केली.

"हा कोंबडा कोणी काढला?"

"गरुड आहे तो," डॉक्टर म्हणाले.

"असेल. पण इथे बाई होती."

डॉक्टरांचा चेहरा पडला. युद्धातल्या विमानांवर कसल्या बायका असत हे त्यांना पुस्तकांतून चांगलं माहीत होतं, आणि उद्घाटनाला शाळेची मुलं येणार होती. "बाई म्हणजे," त्यांनी घसा खाकरला, "अंगावर काही होतं का तिच्या?"

"काही होतं का? अहो, तेवढे कपडे घातलेली बाई सगळ्या तळावर दुसरी नव्हती. बाकीच्या विमानांवरच्या बायकांकडे बघून आपल्यालाच सर्दी व्हायची. आमच्या बाईला स्वेटर होता, स्वेटरवर एप्रन होता, पायांत जाड मोजे. कांद्याएवढा अंबाडा. हनुवटीवर तीळ, त्यात दोन केस. आणि नाक! नाक कसलं, घराबाहेर काढलेला सज्जा होता तो."

ताई शिडीच्या खालच्या पायरीवर बसली.

"हातात काय होतं?" तिने विचारलं.

"सपात. घरात घालायची सपात. अशी वर उगारलेली. उजवा हात कमरेवर, आणि सपात..."

"डाव्या हातात," ताई म्हणाली.

फिटर तिच्याकडे बघत राहिला. "तुम्हाला कसं माहीत?"

"ती आमची मावशी आहे."

"म्हणजे ती खरी होती?" फिटरने हॅट छातीशी धरली. "आम्ही समजत होतो, टिवल्याने बनवलेली आहे. एकाला सांगायचा, ही तुरुंगाची जेलर. दुसऱ्याला सांगायचा, कुस्त्या खेळते. खरी होती?"

"होती काय, आहे. नव्वदीला आली. दुकानाच्या वरच राहते."

फिटरने एवढ्या मोठ्या युद्धात काय काय पाहिलं असेल देव जाणे, पण या बातमीने तो हबकला.

मावशी त्या घरात आली ती आई गेली तेव्हा, पंधरा दिवसांसाठी. दोन लहान पोरं आणि एक गरीब स्वभावाचा मेहुणा बघून तिने जी कंबर कसली ती पुन्हा सैल केली नाही. लग्न केलं नाही, कौतुक केलं नाही, आणि सपातीचा नेम कधी चुकू दिला नाही. टिवल्यावर तिचा विशेष डोळा, कारण टिवल्याचे उद्योगही विशेष. जगात ती मनापासून चिडायची ती फक्त त्याच्यावर, आणि तोही जगात फक्त तिलाच भ्यायचा. पाणी सोडून.

त्याला सैन्यात बोलावणं आलं, निघायचे दिवस जवळ आले, तसं त्याच्या अंगात आलं. मावशी बाजारात गेलेली बघून त्याने अंगणाच्या मागच्या भिंतीवर तिचं चित्र काढलं, दरवाजापेक्षा मोठं. सपात उगारलेली मावशी. ती पिशव्या घेऊन परत येईपर्यंत अर्धी गल्ली अंगणात जमून पोट धरधरून हसत होती. मावशी काही बोलली नाही, आणि मावशी बोलली नाही म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळत होतं. तिने चुन्याची बादली आणून त्याच्यासमोर आपटली. टिवल्याने स्वतःच्या हाताने त्या चित्रावर चुना फासला, आणि ती मागे उभी राहून बघत होती. नंतर दोनच दिवसांनी तो निघाला. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि तिच्या हिशेबाने उतरवायला पुढे पुष्कळ दिवस होते.

तो पडल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला अंगणातून खरवडल्याचा आवाज आला. मावशी पुट्टीची पट्टी घेऊन भिंतीवरचा चुना काढत होती. खालचं चित्र शोधत होती. टिवल्याने ते साध्या डिंकाच्या रंगात काढलं होतं, आणि डिंकाच्या रंगावर चुना बसला की तो रंग खाऊन टाकतो. चुन्याचे पोपडे पडले की त्यांच्याबरोबर उरलासुरला रंगही पडतो. रंगाऱ्याच्या घरात इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे माहीत नव्हतं असं नाही. तरी ती संध्याकाळपर्यंत खरवडत होती. शेवटी उघडी वीट लागली. तिने पट्टी धुऊन जागेवर ठेवली आणि सांगितलं, "यापुढे माझं चित्र कोणी काढायचं नाही. फोटोसुद्धा नाही." त्यानंतर तिने टिवल्याचं नाव घेतलं नाही. स्मृतिदिनाला दर वर्षी तिचं डोकं दुखायचं.

हे सगळं ताईने शेडमध्ये सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टर, गरुड पुसते. त्याने जी काढली होती, तीच काढायची."

"ताई, लोक हसतील हो."

"हसू देत ना. त्याने दुसरं काय केलं जन्मभर?"

"मला तुमची भावना कळते," डॉक्टर म्हणाले, आणि खरंच कळत असावी, कारण त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "पण एवढ्या मोठ्या माणसांसमोर पडदा बाजूला होणार, आणि आत सपात? समिती मला फाडून खाईल. आणि समजा समितीला मी पटवलं, तरी तुमची मावशी हयात आहे. त्यांना न विचारता त्यांना विमानावर चढवायचं?"

"विचारते."

"त्या हो म्हणाल्या तर समितीचं मी बघतो," डॉक्टर म्हणाले. हे बोलताना त्यांचा हात नकळत उजव्या अंगठ्याकडे गेला. कधी काळी मावशीची दाढ काढताना त्या अंगठ्यावर एक खूण उमटली होती, ती अजून होती. मावशी हो म्हणणार नाही याबद्दल डॉक्टर निर्धास्त होते.

ताईलाही जवळजवळ तीच खात्री होती, आणि तेच तिला खात होतं. मावशी नाही म्हणाली तर गरुड. मग ते विमान कायमचं नगराध्यक्षांच्या पट्टीच्या पोहणाऱ्याचं झालं असतं. टिवल्याच्या हातचं जे एकमेव चित्र कुणाच्या तरी डोक्यात अजून शाबूत होतं, ते फिटरच्या डोक्यात होतं, आणि फिटर परवा परत जाणार होता. त्याचं वय बघता पुन्हा येईल याची खात्री नव्हती. आणि विचारायचं कसं? ज्या घरात टिवल्याचं नाव निघत नाही आणि मावशीचं चित्र निघत नाही, तिथे दोन्ही एकदम काढायचं!

तिने विचारणं लांबवलं आणि तोंडापेक्षा हात बरा चालतो असं मनाशी म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी फिटरला दुकानात बोलावलं. मावशी जेवून वर झोपली होती. ताईने प्लायवुडचे दोन तक्ते भिंतीला टेकवले, त्यावर कागद ठोकला, आणि कोळसा हातात घेतला. फिटर उलट्या डब्यावर बसून सांगायचा, ती काढायची.

"नाक आणखी पुढे."

"एवढं?"

"अजून. ताई, तुम्ही भीड ठेवताय. त्याने ठेवली नव्हती."

ताईने भीड सोडली. अंबाडा आला, तीळ आला, तिळातले दोन केस आले. कमरेवरचा हात आला. मोजे काढताना फिटर म्हणाला, डावा मोजा खाली घसरलेला होता, आणि ताईला एकदम आठवलं की घसरायचाच, जन्मभर डावाच घसरायचा, आणि टिवल्या त्याला मावशीचा झेंडा अर्ध्यावर उतरलाय म्हणायचा. हे वाक्य तिला त्याच्याच आवाजात ऐकू आलं. जाडसर, सर्दी झाल्यासारखा, हसू दाबताना फाटणारा आवाज. इतके दिवस हरवलेला. ती हसायला लागली. कोळसा हातातून पडला तरी तिचं हसणं थांबेना. फिटरही हसायला लागला, डब्यावरून घसरला, आणि दोघं म्हातारी माणसं दुकानाच्या मधोमध डोळे पुसत बसली.

"काय चाललंय?"

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मावशी उभी होती. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. ती कधी खाली येत नसे, जिना तिच्याने उतरवत नसे. पण ताईला असं हसताना तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि काहीतरी झालं असावं म्हणून ती घाबरून उतरली होती. अर्थात चेहऱ्यावर घाबरल्याचं काही नव्हतं. चेहऱ्यावर नाक होतं.

फिटर उठला. त्याने आधी कागदाकडे बघितलं, मग मावशीकडे, मग पुन्हा कागदाकडे. मग टाचा जुळवून ताठ उभा राहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "लायब्ररीत चाललोय, बाई. एकटाच. जेवायच्या आत येतो."

"हा कोण वेडा?" मावशीने ताईला विचारलं. आणि मग तिची नजर भिंतीकडे गेली.

कागदावर एक बाई सपात उगारून तिच्याकडे बघत होती. सपात तेवढी अर्धवट राहिली होती. मावशीने बराच वेळ बघितलं. आता काठी फिरणार, कागद फाटणार, आणि टिवल्या दुसऱ्यांदा पुसला जाणार, असं तिला वाटलं.

"कोणी काढलं?"

"मी," ताई म्हणाली. "पण माझं नाही. त्याचं आहे. त्याने विमानावर काढलं होतं. हे फिटर, त्याच्या विमानाचे. त्यांनी बघितलंय."

मावशीने काठीने शेजारचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. "तू लायब्ररीचं काय म्हणालास?" तिने फिटरला विचारलं. तो आजोबा झालेला माणूस होता, पण मावशी त्याला अरेतुरे करते याचं दोघांनाही काही वाटलं नाही.

"सवय आहे, बाई. टिवल्याने नियम घालून दिला होता. विमानात चढण्याआधी प्रत्येकाने तुमच्यासमोर उभं राहायचं. तुम्ही विचारणार, कुठे चाललास? कोणाबरोबर? परत कधी येणार? आणि त्याने उत्तर द्यायचं. पण खरं नाही सांगायचं. खोटंच सांगायचं. सातजण होते, सातजण ओळीने तुम्हाला थापा मारायचे. एक म्हणायचा मित्राकडे अभ्यासाला. एक म्हणायचा आजारी आजीला बघायला, रोज. पायलट शिक्षकाचा मुलगा होता, त्याला थापा जमायच्या नाहीत, तो लाल व्हायचा. मग टिवल्या त्याला दोनदा विचारायचा, तुमचा आवाज काढून."

कुठे, कोणाबरोबर, परत कधी. हे तीन प्रश्न ओलांडल्याशिवाय या घराचा उंबरा कोणाला ओलांडता येत नसे. वडिलांनासुद्धा नाही. टिवल्या बाहेर पडला आणि ते विचारले गेले नाहीत, असं फक्त एकदा घडलं होतं. ताईने मावशीकडे बघायचं टाळलं.

"खोटं कशाला?" मावशी म्हणाली.

"खरं काय सांगणार?" फिटरने हॅटची कड बोटांनी चाचपली. "कुठल्यातरी गावावर बॉम्ब टाकायला चाललोय. तिथे खाली कोण झोपलंय माहीत नाही. परत येईन की नाही तेही माहीत नाही. असं घरातल्या बाईला सांगता येतं का? दुसरं कोणी त्यांना विचारतच नव्हतं, बाई. वरचे लोक फक्त सांगायचे, इथे जा, तिथे जा. विचारणाऱ्या तुम्ही एकट्या."

"आणि तू? तू तर खाली राहणारा."

"मी कुठे जातो! पण मलाही विचारायचा. मग ते परत येईपर्यंत मी तुमच्याच नावाने शिव्या घालत बसायचो. उशीर झाला की म्हणायचो, आज बाई सोलून काढणार यांना."

"काढलंच असतं," मावशी म्हणाली.

दुकानात जवसाच्या तेलाचा वास होता, बाहेरून एक गाडी गेली, पाट्या थोड्या हलल्या. ताईने सगळा धीर एकवटला. कालपासून जो प्रश्न विचारायला ती शब्द शोधत होती, तो तिने सरळ विचारून टाकला.

"मावशी, डॉक्टरांना त्या विमानावर गरुड हवाय, पायात वीज धरलेला. मला तू हवी आहेस. तू नको म्हणालीस तर मी काढणार नाही."

मावशीने कागदावरच्या बाईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मोज्यापाशी तिची नजर थांबली, मग तिळापाशी. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, आणि तो रागाने हलला की कशाने, हे ताईला एवढ्या वर्षांच्या सहवासानंतरही सांगता आलं नसतं.

"डॉक्टरला सांग," मावशी म्हणाली, "गरुड त्याच्या दवाखान्यावर काढ म्हणावं. आणि त्याच्या पायात वीज नको, पक्कड दे."

ताईने मान डोलावली, पण मावशीचं अजून संपलं नव्हतं.

"आणि हे सपातीचं काय केलंस? अर्धीच काढलीयस. अशी धरतात का सपात? त्याने अशी काढली होती?" तिने फिटरकडे मान वळवली.

"नाही बाई. पण नेमकी कशी होती ते मला सांगता येईना. हात वेगळा होता जरा."

"सांगता कशाला यायला हवं?" मावशी काठी टेकून उठली. काठी तिने फिटरच्या हातात दिली. उजवा हात कमरेवर ठेवला. मग वाकून, एकदा तोल सावरून, तिने पायातली सपात काढली आणि डावा हात वर केला. नव्वदीच्या बाईचा हात, खांद्यातून पूर्ण सरळ होत नव्हता, थरथरत होता. पण मनगटातला तो झोक, सपात सुटायच्या आधीचा, तसाच होता. गल्लीतल्या कितीतरी पोरांनी तो पाठीवर सोसला होता.

"हं. बघून काढ," ती म्हणाली. "अंदाजाने नको."

ताईने पडलेला कोळसा उचलला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला वेळ नव्हता. ज्या बाईने चाळीसेक वर्षं स्वतःचा फोटो काढू दिला नव्हता ती समोर उभी होती, आणि किती वेळ उभी राहू शकेल याचा नेम नव्हता. तिने आधी मनगट पकडलं, मग बोटं, मग सपातीचा तळवा. फिटर मदतीला पुढे झाला, कोपर धरू का म्हणाला.

"हात लावू नकोस." मग तशीच, हात वर, नजर समोर ठेवून तिने विचारलं, "शेवटच्या दिवशी काय सांगून गेला?"

फिटरला आठवावं लागलं नाही. इतकी वर्षं ते दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, एवढंच.

"कुठे चाललास, तर म्हणाला, इथेच, कोपऱ्यापर्यंत. कोणाबरोबर, तर म्हणाला, एकटाच. परत कधी, तर म्हणाला, हा आलोच."

"खोटारडा," मावशी म्हणाली.

ताई काढत राहिली. सपात पूर्ण झाली, तळव्याची झिजलेली टाचही झाली. "झालं, मावशी," ती म्हणाली. "खाली घे आता हात."

मावशीने हात खाली घेतला नाही.